लग्नाची व्हीसीडी, घरचा संगणक आणि हॉलमधला गेम कन्सोल

मुलांनी हट्टाने घ्यायला लावलेला प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स हॉलमध्ये टीव्हीखाली असतो. संगणक असतो आतल्या खोलीत, आणि त्याच्या हार्डडिस्कवर मुंज, बारसं, डोहाळजेवण, आजोबांची पंचाहत्तरी, गावच्या गणपतीचं शूटिंग अशी वर्षानुवर्षांची साठवण पडून असते. पाहुणे आले आणि कुणी ‘ते जुनं शूटिंग लावा ना’ म्हटलं, की सगळ्यांना लॅपटॉपभोवती कोंडाळं करून बसावं लागतं. मागच्या रांगेतल्या आजीला तर काहीच दिसत नाही.

ही साठवण टीव्हीवर आणायला बहुतेक घरांत नवं काही विकत घ्यावं लागत नाही. गेम कन्सोल हाही एक संगणकच आहे, आणि घरातल्या वायफायवर तो दुसऱ्या संगणकाकडून व्हिडिओ मागवून दाखवू शकतो. आज लोकप्रिय असलेलं ‘कोडी’ हे मीडिया सॉफ्टवेअर तर २००२ च्या सुमारास पहिल्या एक्सबॉक्ससाठीच हौशी प्रोग्रामरांनी लिहायला घेतलं होतं. त्याचं जुनं नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर. २०१४ मध्ये ते ‘कोडी’ झालं.

तरीही अनेक घरांत हा प्रयोग पहिल्याच संध्याकाळी बारगळतो. चित्र अडकत अडकत चालतं, आवाज येत नाही, नाहीतर ‘ही फाईल चालत नाही’ एवढाच निरोप मिळतो. लोक मग इंटरनेटचा वेग वाढवून घेतात आणि अडचण तशीच राहते. यातल्या बहुतेक अडचणींवर एकच उपाय आहे: फाईल एकदाच, सवडीने, नीट तयार करून ठेवा. संगणकाने रोज ऐन वेळी तिचं रूपांतर करत बसावं, अशी वेळ येऊ देऊ नका. पुढचं सारं मार्गदर्शन या एका सूत्राभोवती आहे.

हे चालतं कसं?

यात तीन पात्रं आहेत. संगणकावरचा ‘मीडिया सर्व्हर’ फाईलींची यादी ठेवतो आणि मागितलेली फाईल देतो. राउटर ती पोचवतो. कन्सोलवरचं ॲप ती उलगडून पडद्यावर दाखवतं. ही सगळी ये-जा घरातल्या घरात होते. सर्व्हर एकदा बसला, की व्हिडिओ पाहण्यात तुमचा इंटरनेट डेटा खर्च होत नाही. घरच्या फाईली बघताना इंटरनेटचा प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे की ३०० चा, यानेही फरक पडत नाही.

संगणक आणि कन्सोल यांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी २००३ मध्ये एक संघटना स्थापन केली आणि तिने डीएलएनए नावाचं मानक आणलं. ती संघटना २०१७ मध्ये बंद झाली, पण मानक अजून अनेक उपकरणांत जिवंत आहे. आपल्या कन्सोलला ते येतं की नाही, हे आधी पाहायचं, कारण पुढची वाट त्यावर ठरते.

कोणत्या कन्सोलला काय लावायचं?

प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० हे जुने कन्सोल डीएलएनए जाणतात. संगणकावर ‘युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर’ हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. प्लेस्टेशन ३ वर व्हिडिओच्या रांगेत ‘मीडिया सर्व्हर शोधा’ असा पर्याय मिळतो, तो दाबला की संगणकाचं नाव दिसतं. अडगळीत गेलेला असा कन्सोल या कामाला आजही पुरेसा आहे.

प्लेस्टेशन ४ हा २०१३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यात ही सोय नव्हती. २०१५ च्या जूनमध्ये सोनीने त्यासाठी ‘मीडिया प्लेअर’ हे मोफत ॲप दिलं, त्यातून डीएलएनए सर्व्हर दिसतो. त्यावर ‘प्लेक्स’चं ॲपही चालतं.

भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ ला हे जुनं मीडिया प्लेअर ॲप मिळत नाही. तिथे सरळ ‘प्लेक्स’ घ्यावं.

एक्सबॉक्स वन आणि सिरीज एस, सिरीज एक्स यांवर सर्वांत जास्त मोकळीक आहे. प्लेक्स, कोडी आणि जेलीफिन ही ॲप्स त्यांच्या स्टोअरमध्ये मिळतात.

प्लेक्स की जेलीफिन? प्लेक्सला खातं उघडावं लागतं. घरातल्या घरात पाहणं मोफत आहे, पण ग्राफिक्स चिपच्या मदतीने रूपांतर करण्यासारख्या काही सोयींना पैसे पडतात. जेलीफिन २०१८ च्या अखेरीस ‘एम्बी’ या सॉफ्टवेअरपासून वेगळं झालं. ते पूर्ण मोफत आहे, ऑनलाइन खातं मागत नाही आणि कौटुंबिक फाईलींची यादी तुमच्याच संगणकावर ठेवतं. घरात एक्सबॉक्स वन किंवा सिरीज असेल तर जेलीफिन घ्या, प्लेस्टेशन ४ किंवा ५ असेल तर प्लेक्स, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

सर्व्हर बसवताना

विंडोजवर सुरुवात एका छोट्या पण कळीच्या गोष्टीने करा. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन तुमचं वायफाय ‘प्रायव्हेट’ आहे की ‘पब्लिक’, ते पाहा. ‘पब्लिक’ असेल तर विंडोज संगणकाला घरातल्या इतर उपकरणांपासून लपवून ठेवतं. घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना फायरवॉल परवानगी विचारेल, ती प्रायव्हेट नेटवर्कपुरती द्या. सर्व्हर सापडत नसल्याच्या बहुतेक तक्रारी या दोन ठिकाणी मिटतात.

जेलीफिन बसवल्यावर ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं. तिथे वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड ठरवा, मग फोल्डर जोडा. फोल्डर जोडताना प्रकार विचारला जातो. घरच्या शूटिंगसाठी ‘होम व्हिडिओज अँड फोटोज’ हाच निवडा. चुकून ‘मूव्हीज’ निवडलं, तर सर्व्हर इंटरनेटवर त्या नावाचा सिनेमा शोधायला जातो आणि ‘मंगल’ नावाच्या फाईलला भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटवतो. प्लेक्समध्ये याच कामासाठी ‘अदर व्हिडिओज’ हा प्रकार आहे.

आता एक्सबॉक्सवरचं जेलीफिन ॲप उघडा. ते सर्व्हरचा पत्ता विचारतं. तो साधारण १९२.१६८.१.२० असा असतो, त्यापुढे कोलन आणि ८०९६. हा पत्ता राउटर देतो आणि तो बदलू शकतो. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधून आपल्या संगणकासाठी पत्ता कायमचा राखून ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि कालपर्यंत चालणारं आज चालत नाही. प्लेक्समध्ये पत्त्याची कटकट नाही. टीव्हीवर चार अक्षरांचा कोड येतो, तो फोनवरून प्लेक्सच्या संकेतस्थळावर टाकला की जोडणी होते.

शेवटी संगणकाची झोप घालवा. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ची वेळ ‘नेव्हर’ करा, निदान पाहायच्या दिवशी तरी. स्क्रीन बंद झाली तरी चालते, संगणक मात्र जागा हवा.

वायफाय की केबल?

वेगाचा अंदाज बांधायला साधा गुणाकार-भागाकार पुरतो. दोन तासांची ८ जीबीची फाईल घ्या. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे ती झाली ६४ गिगाबिट. दोन तासांत सेकंद ७,२००. भागाकार येतो सेकंदाला सुमारे ९ मेगाबिट. फोनवर घेतलेल्या ४के शूटिंगचं एक मिनिट ३५० एमबी भरलं, तर तोच हिशेब सेकंदाला ४७ मेगाबिटच्या आसपास जातो. आणि जुनी व्हीसीडी? तिला जेमतेम दीड मेगाबिट लागतं. म्हणजे जुन्या शूटिंगसाठी साधं वायफायही पुरून उरतं.

मग अडकतं कुठे? संगणक आणि कन्सोल दोन्ही वायफायवर असले, की प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो: संगणकाकडून राउटरकडे आणि राउटरकडून कन्सोलकडे. हाती येणारा वेग त्यामुळे निम्म्यावर येतो. इमारतीत शेजाऱ्यांचे दहा-पंधरा राउटर त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करत असतात, त्यात काँक्रीटच्या भिंती. म्हणून दोन्हींपैकी किमान एक उपकरण, शक्यतो संगणक, केबलने राउटरला जोडा. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरातलं अंतर त्यापुढे काहीच नाही. इंटरनेटवाल्याच्या माणसाला किंवा इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर स्कर्टिंगच्या कडेने केबल नेऊन देतो.

केबल शक्यच नसेल तर दोन्ही उपकरणं ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घ्या. इथे एक अपवाद लक्षात ठेवा: २०१३ चं मूळ प्लेस्टेशन ४ फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतं. २०१६ च्या स्लिम आणि प्रो मॉडेलना ५ गिगाहर्ट्झ कळतं. घरी मूळ मॉडेल असेल तर त्यालाच केबल द्या.

फाईल तयार करणं: खरं काम इथे आहे

व्हिडिओ फाईलला दोन अंगं असतात. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे डबे आहेत आणि त्यांच्या आत एच.२६४, एच.२६५ किंवा एमपीईजी-२ यांपैकी काय भरलंय ती भाजी. दोन एमपी४ फाईली बाहेरून सारख्या दिसतात, त्यातली एक चालते आणि दुसरी चालत नाही, याचं कारण आतल्या भाजीत असतं. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० ला एमकेव्हीचा डबाच उघडता येत नाही. प्लेस्टेशन ४ चं मीडिया प्लेअर एमकेव्ही उघडतं, पण आत एच.२६५ असेल तर हात टेकतं.

अशा वेळी सर्व्हर ऐन वेळी फाईल बदलून देतो. याला ‘ट्रान्सकोडिंग’ म्हणतात. जुन्या लॅपटॉपला हे काम जड जातं, पंखा घोंघावतो, चित्र थांबतं, आणि आपण वायफायला दोष देतो. खरं काय चाललंय ते पाहायला व्हिडिओ सुरू ठेवून संगणकावर जेलीफिनचा ‘डॅशबोर्ड’ उघडा. चालू असलेल्या व्हिडिओच्या चौकटीत ‘डायरेक्ट प्लेइंग’ लिहिलं असेल, तर फाईल जशीच्या तशी जाते आहे, संगणकाला काहीच ताण नाही. ‘ट्रान्सकोडिंग’ असेल तर बाजूच्या माहितीच्या खुणेवर कारण मिळतं: व्हिडिओ चालत नाही, आवाज चालत नाही किंवा सबटायटल. प्लेक्सच्या डॅशबोर्डवरही हीच माहिती दिसते. हे एक पान वाचायला शिकलात, तर निम्मं तंत्र तुमच्या हाती आलं.

सगळीकडे चालणारी कृती अशी: डबा एमपी४, चित्र एच.२६४, आकार जास्तीत जास्त १०८०पी, आवाज एएसी स्टिरिओ. प्लेस्टेशन ३ पासून एक्सबॉक्स सिरीज एक्सपर्यंत सगळे ही फाईल थेट चालवतात. रूपांतरासाठी ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातला ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार प्रीसेट निवडा. वीस-पंचवीस फाईली रांगेत लावून रात्री संगणक चालू ठेवा, सकाळी काम झालेलं असतं.

आता आपल्याकडच्या खास मालाकडे वळू.

व्हीसीडी: सीडी उघडल्यावर ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात ‘एव्हीएसईक्यू०१’ अशा नावाची, डीएटीने संपणारी फाईल. तीच लग्नाची फिल्म. तासाभराची फाईल साधारण ६०० एमबीची असते. ती हार्डडिस्कवर कॉपी करा आणि डीएटीच्या जागी एमपीजी लिहा, बहुतेक वेळा संगणकावरचं ‘व्हीएलसी’ प्लेअर ती लगेच चालवतं. मग हँडब्रेकमधून एमपी४ करून घ्या. चित्राचा मूळ आकारच ३५२ बाय २८८ असतो, तेव्हा ते धूसर दिसणारच. रूपांतर करताना आकार वाढवू नका, त्याने फाईल फुगते, चित्र सुधारत नाही. टीव्हीवर ‘स्ट्रेच’ही करू नका, नवरा-नवरी आडवे पसरतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

डीव्हीडी: हँडब्रेकमध्ये ‘व्हिडिओ टीएस’ हे पूर्ण फोल्डर उघडा, सुटे तुकडे उघडत बसू नका. प्रीसेट ‘फास्ट ५७६पी२५’ घ्या. हात हलला की कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील, तर ते दोन अर्ध्या चित्रांनी बनलेलं जुन्या टीव्हीसाठीचं शूटिंग आहे. ‘फिल्टर्स’ पानावर ‘डीइंटरलेस’ चालू केलं की रेघा जातात.

चकती वाचली जात नसेल तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवून नव्हे. वरची लेबलची बाजूही ओरखडू देऊ नका, सीडीत माहितीचा थर तिच्या लगेच खाली असतो. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर मिळतो. हे काम पुढे ढकलू नये. चकत्या आपल्या दमट हवेत, खास करून कोकणात आणि गोव्यात, लवकर खराब होतात.

फोनचं शूटिंग: आयफोन आणि बरेच नवे अँड्रॉइड फोन एच.२६५ मध्ये शूटिंग करतात. नवे एक्सबॉक्स ते चालवतात, जुने कन्सोल चालवत नाहीत. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगखाली ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं, तर पुढचं शूटिंग एच.२६४ मध्ये येतं. आधीचं हँडब्रेकमधून काढा.

एक पथ्य मात्र पाळाच: मूळ फाईल कधीही पुसू नका. रूपांतरित फाईल पाहण्यासाठी, मूळ जपण्यासाठी. मुळाची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर आणि ती हार्डडिस्क शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा.

नावं, फोल्डर आणि मराठी सबटायटल

कौटुंबिक फाईलीचं नाव वर्षापासून सुरू करा: ‘१९९८ मुंज सांगली’, ‘२००३ बारसं पुणे’. यादी आपोआप काळानुसार लागते आणि कन्सोलच्या बटणांवरून शोधणं सोपं जातं. तुमच्या मालकीच्या सिनेमांचं फोल्डर वेगळं करा आणि तिथे नावानंतर कंसात वर्ष द्या, म्हणजे ‘श्वास (२००४)’. सिनेमाची माहिती शोधताना रोमन लिपीतलं नाव सर्व्हरला अधिक खात्रीने सापडतं. लेख सगळा तुमच्या हक्काच्या शूटिंगविषयी आणि विकत घेतलेल्या सिनेमांविषयी आहे. कुठून तरी उतरवलेल्या सिनेमांसाठी हा खटाटोप करू नये.

सबटायटलची सोय फार मोलाची आहे. परदेशात वाढलेल्या नातवंडांना पणजीची ओवी किंवा मंगलाष्टकं ऐकू येतात, कळत नाहीत. सबटायटल ही साधी मजकुराची एसआरटी फाईल असते, नोटपॅडमध्येही लिहिता येते. ‘सेव्ह ॲज’ करताना खालचं ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. फाईलचं नाव व्हिडिओसारखंच ठेवून त्यापुढे टिंब, मराठीसाठी ‘एमआर’, पुन्हा टिंब आणि ‘एसआरटी’ लिहिलं की सर्व्हर भाषा ओळखतो. आधी ‘ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, कार्यालय’ अशी जोडाक्षरांची एक ओळ टाकून टीव्हीवर तपासा. काही ॲप जोडाक्षरं फोडून दाखवतात, तसं झालं तर दुसरं ॲप वापरून पाहा.

नातेवाईकांना परदेशातून थेट तुमच्या संगणकावरचं पाहायचं असेल, तर ते काम अवघड आहे. आपल्याकडच्या अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत वाटच नसते. प्लेक्सनेही घराबाहेरून पाहण्यासाठी २०२५ पासून पैसे घ्यायला सुरुवात केली आहे. त्यापेक्षा तयार एमपी४ फाईली पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर द्याव्यात. त्या त्यांच्याकडेही बहुधा तशाच चालतील.

अडलं तर या क्रमाने पाहा

१. सर्व्हर दिसत नाही: संगणक जागा आहे का? नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का? कन्सोल चुकून ‘गेस्ट’ वायफायवर तर नाही? गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं घरातल्या इतर उपकरणांना सहसा दिसत नाहीत.

२. चित्र अडकतं: डॅशबोर्ड पाहा. ‘ट्रान्सकोडिंग’ असेल तर फाईल हँडब्रेकमधून काढा. ‘डायरेक्ट’ असूनही अडकत असेल, तरच दोष वायफायचा. केबल जोडा.

३. चित्र आहे, आवाज नाही: आवाजाचा प्रकार कन्सोलला कळत नाही. एएसी स्टिरिओत बदला.

४. सबटायटल लावताच अडकतं: ते बहुधा चित्ररूपातलं सबटायटल आहे, सर्व्हरला ते प्रत्येक चौकटीवर नव्याने छापावं लागतं. मजकुराची एसआरटी वापरा.

५. आजी-आजोबांना कंट्रोलर जमत नाही: कन्सोल आणि टीव्ही दोन्हींच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा. अनेक टीव्हींच्या साध्या रिमोटनेच मग प्लेस्टेशनचा मेनू फिरवता येतो.

सगळी साठवण एकदम हाती घेऊ नका. घरातली सर्वांत जुनी चकती निवडा आणि तिच्यावर हे सगळे टप्पे पूर्ण करा. ती फिल्म लावाल तेव्हा हाताशी वही ठेवा. मांडवात उभा असलेला तो फेटेवाला कोण, ताट धरलेली ती मुलगी कुणाची, हे सांगणारी माणसं आज घरात आहेत. त्यांना मोठ्या पडद्यावर चेहरे ओळखता येतात, हवं तिथे थांबवता येतं. नाव आणि मिनिट-सेकंद टिपून घ्या आणि त्याच फाईलच्या एसआरटीत उतरवा. तंत्राची चूक झाली तर पुढच्या वर्षीही दुरुस्त करता येईल. नावं मात्र आत्ताच विचारून घ्या, कारण ती कोणत्याच सर्व्हरला इंटरनेटवर सापडणार नाहीत.